मुंबईत घरातून हस्तकलेचा व्यवसाय: पहिल्या नगापासून पहिल्या स्टॉलपर्यंत

संक्रांतीला सुनेला आणि बोरनहाणाला बाळाला हलव्याचे दागिने, लग्नसराईत रुखवत, श्रावणाच्या तोंडावर राख्या, भाद्रपदात मखर आणि गौरींचा साज, आश्विनात कंदील आणि पणत्या. मराठी घराला हाताने केलेली वस्तू वर्षभर लागते. त्यामुळे मुंबईत हस्तकलेला गिऱ्हाईक मिळेल का, ही चिंता नवशिक्यांनी फार करू नये. तरीही हौसेने सुरू झालेली कितीतरी कामं एक-दोन दिवाळ्यांत थांबतात. वस्तू विकल्या जातात, कौतुकही होतं, पण हातात पैसा राहत नाही, कारण बनवायला लागलेल्या तासांचे पैसे किमतीत धरलेलेच नसतात. कुठलंही काम निवडताना आणि त्याची किंमत ठरवताना आधी तास मोजा, हे माझं पहिलं आणि सगळ्यात आग्रहाचं सांगणं आहे. पुढच्या बहुतेक पायऱ्या त्यावरच उभ्या आहेत.

आधी एक वस्तू ठरवा

"मी क्रोशाकाम करते" एवढ्यावर व्यवसाय सुरू होत नाही. "मी मुख्य दारासाठी तीन फुटी क्रोशाचं तोरण करते, चार रंगांत मिळतं" असं सांगितलं की समोरच्याला लगेच कळतं आणि तो चौघांना सांगू शकतो. सुरुवातीला एकच वस्तू, तिचे दोन आकार आणि तीन-चार रंग पुरेत. एकाच वेळी क्विलिंगचे (कागदी पट्ट्या गुंडाळून केलेले) कानातले, मॅक्रमेचे (दोऱ्याच्या गाठींचे) झोके आणि रंगवलेल्या किटल्या करायला घेतल्या की सामान तिप्पट लागतं आणि हात एकाही कामात बसत नाही. तोच नग दहाव्यांदा करताना लागणारा वेळ पहिल्यापेक्षा खूप कमी होतो, आणि नफा त्या वाचलेल्या वेळातूनच निघतो.

वस्तू निवडताना स्वतःच्या घराकडेही नीट बघा. वन बीएचकेमध्ये सामान दिवाणाखाली किंवा लॉफ्टवरच जाणार. गोधडी, क्रोशे, भरतकाम, राख्या, कापडी पिशव्या ही कामं संध्याकाळी गुंडाळून ठेवता येतात. रेझिनचं ओतकाम (साच्यात ओतून घट्ट होणारं रसायन), स्प्रे पेंट, तीव्र वासाचं वॉर्निश ही कामं लहान मूल किंवा दमेकरी असलेल्या बंद घरात करू नयेत, हे मी स्पष्टच सांगते. त्यांना वेगळी, हवेशीर जागा लागते. तशी जागा नसेल तर दुसरं काम निवडा. चांगली कामं भरपूर आहेत.

एक सूचना वारलीबद्दल. मग, पिशव्या, भिंती, सगळीकडे वारली काढली जाते, म्हणून नवशिक्यांना ती सोपी वाटते. ही पालघर, डहाणू, तलासरी भागातल्या वारली समाजाची कला आहे. गेरूने किंवा शेणाने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने, बांबूच्या काडीने ती काढली जायची. जिव्या सोमा मशे यांनी ती जगभर नेली आणि २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. या कलेला भौगोलिक मानांकनही आहे. तुम्हाला ती आवडत असेल तर तिथल्या कलाकाराकडून शिका. त्यांच्याकडून चित्र काढून घेऊन वस्तू बनवत असाल, तर त्यांचं नाव वस्तूच्या लेबलवर छापा आणि कामाचे पैसे आधी द्या. आपण स्वतः काढलेल्या नक्षीला "अस्सल वारली" म्हणून विकू नका.

सामान आणायचं कुठून

पहिल्या दहा नगांचं सामान जवळच्या स्टेशनरीच्या किंवा लेसच्या दुकानातूनच घ्या. महाग पडलं तरी चालेल. वस्तू अजून ठरत असताना होलसेलमध्ये घेतलेलं सामान पुढची काही वर्षं घरात पडून राहतं. नमुना पक्का झाला की मगच मस्जिद बंदर किंवा सीएसएमटीला उतरा.

अब्दुल रहमान स्ट्रीटवर कागद, मणी, सॅटिन रिबनी, डबे, पॅकिंगचं सामान मिळतं. कापडासाठी मंगलदास मार्केट. तिथे मीटरवर कापड मिळतं, कटपीसही मिळतात. अख्खा तागा घ्यायचा असेल तर मुळजी जेठा मार्केट. लेस, लटकन, जरीच्या पट्ट्या, टिकल्या, गौरीच्या साजाचं सामान यासाठी भुलेश्वर. रविवारी या भागातली बरीच होलसेल दुकानं बंद असतात आणि शनिवारी दुपारी पाय ठेवायला जागा नसते. मंगळवार-बुधवारी सकाळी अकराच्या सुमाराला गेलात तर दुकानदार बोलायच्या मनःस्थितीत असतो. जाताना आपल्या वस्तूचा एक नमुना आणि कापडाचे तुकडे बरोबर ठेवा, कारण ट्यूबलाइटखाली मोतिया आणि पांढरा सारखेच दिसतात. "होलसेल भाव किती नगांपासून?" हा प्रश्न पहिला विचारा. बटणं, हुक यांसारख्या गोष्टी डझनात आणि ग्रोसमध्ये मोजतात. एक ग्रोस म्हणजे १४४ नग. बिल मागून घ्या आणि त्यावर दुकानाचं नाव व रंगाचा नंबर लिहून घ्या. तीन महिन्यांनी तोच रंग हवा असेल तर त्या नंबरावाचून दुसरा आधार नसतो.

पणत्या रंगवायच्या असतील तर धारावीच्या कुंभारवाड्यात स्वतः जा. नाइन्टी फीट रोडवरून आत शिरलं की भट्ट्या, ओट्यांवर वाळत घातलेला माल आणि तो घडवणारी माणसं सगळं एकाच ठिकाणी दिसतं. शेकड्याच्या भावात पणत्या मिळतात. घेताना प्रत्येक पणती टिचकी मारून ऐका, चीर गेलेली असेल तर बद्द आवाज येतो. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात तिथे गर्दी असते, तुम्ही गणपतीनंतर लगेच जा. रंग पणतीच्या बाहेरच्या अंगालाच लावा. वात टेकते ती चोच आणि आतला भाग कोरा ठेवा. रंग पेटू शकतो, आणि पणती लोक खरोखर लावणार असतात.

किंमत: एका गोधडीचा हिशेब

इथे थोडं थांबू, कारण सगळा खेळ इथेच आहे. बाळासाठी एक मीटर लांब, एक मीटर रुंद हाताने शिवलेली गोधडी घेऊ. वर आणि खाली छापील सुती कापड, मध्ये मऊ मलमल, आणि आडवा धावदोरा. ओळी दोन-दोन सेंटीमीटरवर घातल्या तर एका मीटरमध्ये पन्नास ओळी बसतात. प्रत्येक ओळ एक मीटरची, म्हणजे पन्नास मीटर धावदोरा झाला. हात बसलेली बाई तासाला सुमारे चार मीटर घालते असं धरू. साडेबारा तास नुसत्या टाक्यांचे. कापड कापणं, कच्च्या दोऱ्याने थर टाचणं आणि कडेची पट्टी लावणं याचे अडीच तास. एकूण पंधरा तास.

तासाला १०० रुपये धरले तर मजुरी १५०० रुपये. कापड-दोरा साधारण ४०० आणि पॅकिंग ४० धरा. झाले १९४०. यावर स्टॉलभाडं, प्रवास, खराब गेलेला माल यासाठी पंधरा टक्के, म्हणजे सुमारे २९०. किंमत आली साधारण २२५० रुपये. आणि बहुतेक नवशिक्या मुली ही गोधडी ७०० ला देतात! सामानाचे ४०० आणि पॅकिंगचे ४० वजा केले तर पंधरा तासांचे २६० रुपये उरले, म्हणजे तासाला १७ रुपये. पाठ दुखेपर्यंत बसून केलेल्या कामाचा हा भाव लावू नका.

आता ओळी चार सेंटीमीटरवर घाला. पंचवीस मीटर धावदोरा, सव्वासहा तास, वर तेच अडीच तास. जवळजवळ नऊ तास. मजुरी ९००, सामान-पॅकिंग ४४०, वर पंधरा टक्के, किंमत सुमारे १५५० रुपये. गोधडी तेवढीच मऊ आणि धुवायला तेवढीच टिकाऊ राहते, कारण तीन पातळ थर धरून ठेवायला एवढ्या ओळी पुरतात. दोन्ही प्रकार ठेवा. बारीक टाक्यांची गोधडी ज्यांना हवी असते ते २२५० देतात, त्यांना हात ओळखता येतो. तुमचं काम तोरण असो की मखर, पहिल्या तीन नगांना घड्याळ लावून बसा आणि प्रत्येक टप्प्याचा वेळ वहीत लिहा. मग जास्त वेळ खाणारा टप्पा दिसतो आणि तो बदलता येतो.

आईच्या मैत्रिणी, सोसायटीतल्या काकू "आपल्यातलीच आहेस, कमी कर ना" म्हणणारच. त्यांच्यासाठी किंमत कमी करू नका, हवं तर एक छोटी वस्तू भेट द्या. सोसायटीत एकदा कमी झालेला भाव परत वर जात नाही.

लहान बाळाच्या वस्तूंबद्दल दोन गोष्टी कधीही सोडू नका. कापड शिवण्याआधी धुऊन घ्या म्हणजे नंतर आटणार नाही, आणि ओल्या पांढऱ्या रुमालाने घासून रंग जातो का ते बघा. मणी, टिकल्या, सुटी बटणं बाळाच्या गोधडीला लावू नका, गिऱ्हाइकाने मागितली तरी.

पावसाळा

मुंबईत हस्तकला करायची तर जून ते सप्टेंबर या चार महिन्यांचा वेगळा विचार करावाच लागतो. दुर्दैवाने राखी, गणपती आणि नवरात्राचा बराच माल याच काळात बनतो. दमट हवेत क्विलिंगच्या पट्ट्या मऊ पडतात आणि गुंडाळी सैल होते. एमडीएफच्या, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीच्या, कडा फुगतात. ज्यूट आणि सुती दोऱ्यांना बुरशीचा वास लागतो. हवेवर सुकणारी माती दोन दिवसांऐवजी पाच दिवस घेते, आणि घाईने वर रंग दिला की आत ओल अडकून तडा जातो. रेझिनवर पांढुरकी, चिकट साय धरते.

यावर उपाय साधे आहेत, पण ते मे महिन्यातच करावे लागतात. कागद आणि दोरे घट्ट झाकणाच्या डब्यात, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. रंग बदलणारे दाणे घेतले तर ओल भरल्याचं दिसतं आणि ते पुन्हा तापवून वापरता येतात. लोकर आणि सुती मालात कडुलिंबाची वाळलेली पानं घाला. एमडीएफच्या सगळ्या कडांना, मागच्या बाजूलाही, आधी प्रायमर द्या. नुसती दर्शनी बाजू रंगवून चालत नाही, ओल मागून शिरते. कागदी कामाचा मोठा वाटा उन्हाळ्यात उरकून घ्या आणि पावसात शिवणकाम, क्रोशे घ्या. ऑक्टोबरचं ऊन आलं की उरलेला माल सावलीत, पण वाऱ्यावर, एकदा काढून ठेवा. थेट उन्हात रंग उडतो.

गणपतीच्या मखराबद्दल बोलायचं तर, मार्च २०१८ मध्ये राज्यात प्लास्टिकबरोबर सजावटीच्या थर्माकोलवरही बंदी आली. तेव्हापासून पुठ्ठा, कापड आणि कागदाच्या घडीच्या मखरांना मागणी आहे. मखर घडी घालून लोकलमधून नेता यावं आणि पुढच्या वर्षी परत वापरता यावं, एवढ्या दोन गोष्टी सांभाळल्या तर गिऱ्हाईक स्वतः दुसरं गिऱ्हाईक आणतं.

कॅलेंडर उलटं वाचा

सणाच्या दिवसापासून मागे मोजा. दिवाळीचा माल गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवसापासून विकायला निघतो, म्हणजे पणत्या सोडल्या तर तो श्रावणात तयार हवा. संक्रांतीनंतर रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवांची रांग असते. वाणाच्या ऑर्डरी शंभर-दोनशे नगांच्या येतात, पण बाई दर नगाला ठरावीक रक्कमच खर्च करणार असते. तिला पंचवीस-तीस मिनिटांत होणारी, आधी तयार करून ठेवता येणारी वस्तू द्या: कापडी बटवा, खणाची छोटी पिशवी, रंगवलेला करंडा. रुखवताचं उलट असतं. तिथे नग कमी, वेळ जास्त आणि घरच्यांशी बोलणं भरपूर. रुखवत घेताना निम्मी रक्कम आगाऊ घ्या, काय काय देणार याची यादी दोघींच्या सहीने करा, आणि लग्नाच्या आठ दिवस आधीची तारीख धरून काम संपवा.

फोटो आणि पहिले गिऱ्हाईक

फोन पुरेसा आहे. सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान गॅलरीजवळ, थेट ऊन नसेल अशा जागी पांढरा कार्डशीट भिंतीला टेकवून ठेवा आणि घरातला दिवा बंद करा, नाहीतर एका फोटोत दोन रंगांचा उजेड येतो. एक फोटो पूर्ण वस्तूचा, एक टाक्यांचा जवळून, एक वस्तू वापरात असताना: तोरण खऱ्या दाराला, पणती खरोखर लावलेली. माप सेंटीमीटर आणि इंच दोन्हींत लिहा. किंमत लिहिल्याशिवाय फोटो वॉट्सॲपवर टाकू नका. "किंमत विचारा" लिहिलं की निम्मी माणसं विचारतच नाहीत.

पहिला स्टॉल

दिवाळीआधी दादर, पार्ले, मुलुंड, ठाणे, डोंबिवलीत शाळांच्या आणि मंडळांच्या सभागृहांत प्रदर्शनं आणि ग्राहक पेठा भरतात. तिथला गिऱ्हाईक हाताने केलेलं काम बघायला, हात लावून बघायला आणि भाव करायलाही येतो. पहिला स्टॉल अशाच ठिकाणी, दोन दिवसांचा घ्या. बुकिंगपूर्वी आयोजकांना नेमकं विचारा: टेबल किती फुटी, पंखा आणि विजेचा पॉइंट आहे का, तुमच्यासारख्याच वस्तूंचे किती स्टॉल आहेत, आधीच्या दिवशी माल ठेवता येतो का. शक्य असेल तर त्याच आयोजकांचं आधीचं प्रदर्शन गिऱ्हाईक म्हणून फिरून बघा. स्टॉलभाड्याच्या निदान चौपट विक्री व्हावी असा अंदाज बांधता येत नसेल तर तो स्टॉल मी घेणार नाही.

टेबलावर जमिनीपर्यंत पोचणारी चादर घाला, खाली माल लपतो. प्रत्येक वस्तूला किमतीची चिठ्ठी हवी. वस्तू सपाट मांडू नका, खोके उलटे ठेवून दोन-तीन उंच्या करा. क्यूआर कोड ठेवा, पण सुट्टे पैसेही ठेवा, कारण तळघरातल्या सभागृहात रेंज जाते. रिकाम्या वेळात स्टॉलवर बसून कामच करा. सुई हातात बघितली की माणसं थांबतात, "हे तुम्हीच करता?" विचारतात, आणि बोलणं तिथून सुरू होतं. येणाऱ्या प्रत्येकीचं नाव, नंबर आणि काय विचारलं ते वहीत लिहा. न विकल्या गेलेल्या वस्तूबद्दलचे प्रश्न विकल्या गेलेल्या वस्तूपेक्षा जास्त शिकवतात.

जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीत होणाऱ्या काळा घोडा कला महोत्सवातल्या स्टॉलसाठी आधी अर्ज करावा लागतो. तिकडे दोन-तीन प्रदर्शनं करून मगच जा. बचत गटात असाल तर महालक्ष्मी सरस या बचत गटांच्या सरकारी प्रदर्शनाची चौकशी आपल्या गटामार्फत करा, तिथला गिऱ्हाईक मुंबईभरातून येतो.

कागदपत्रं

फार घाबरण्यासारखं काही नाही. व्यवसायाचं वेगळं बँक खातं उघडा. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, सरकारी पोर्टलवर आधार आणि पॅनवर फुकट होते. हजार-दोन हजार मागणाऱ्या खासगी साइट्सपासून दूर राहा. फक्त वस्तू विकणाऱ्याला महाराष्ट्रात साधारणपणे वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. ऑनलाइन मार्केटप्लेसवर विकायचं तर १ ऑक्टोबर २०२३ पासून नोंदणी नसलेल्यांनाही आपल्या राज्यापुरती विक्री करता येते, त्यासाठी जीएसटी पोर्टलवर एन्रोलमेंट नंबर घ्यावा लागतो. परराज्यात माल पाठवायला लागलात की मात्र एकदा सीएशी बसून बोला. पारंपरिक कारागिरांना केंद्राच्या हस्तशिल्प विकास आयुक्तांकडून ओळखपत्र मिळतं. शिंपी, कुंभार, टोपल्या विणणारे, बाहुल्या-खेळणी करणारे अशा १८ व्यवसायांसाठी सप्टेंबर २०२३ पासून पीएम विश्वकर्मा योजना आहे. तिच्यात प्रशिक्षण, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आणि पहिल्या टप्प्यात एक लाखापर्यंत कर्ज ५ टक्के व्याजाने मिळतं. एका कुटुंबातल्या एकालाच लाभ मिळतो, तेव्हा अर्ज कोणी करायचा ते घरात आधी ठरवा.

मदतनीस कधी घ्यावी

सलग दोन सण ऑर्डरी परत कराव्या लागल्या तर. त्याआधी नको. शेजारच्या, चाळीतल्या, मुलांच्या शाळेच्या दारात भेटणाऱ्या बायकांमध्ये हातात कला असलेल्या पुष्कळ जणी असतात. त्यांना पूर्ण वस्तू देण्याऐवजी एक टप्पा द्या: टाचणं, पट्टी लावणं, गोंडे बांधणं. तुम्ही स्वतः केलेला नमुना, मापाचा कागद आणि मोजून दिलेलं सामान एका पिशवीत घालून द्या. नगाचा दर ठरवताना तो टप्पा तुम्हाला किती वेळात होतो ते बघा, त्यात तिच्या शिकण्याचा वेळ धरा, आणि तासाचा भाव स्वतःला लावता तोच लावा. पैसे दर आठवड्याला द्या, माल विकला गेला असो वा नसो. उसवून परत करावं लागलेल्या पहिल्या दोन नगांचेही पूर्ण पैसे द्या. तिसऱ्यापासून काम तुमच्यासारखंच यायला लागतं, आणि पुढच्या भाद्रपदात ती तुमच्याकडेच राहते.